क्लिक मोजायचे की पूर्ण झालेले अर्ज?

बुलडाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर तालुक्यात सोनाळा हे गाव आहे. मागे अंबाबरव्याचं जंगल, पुढे पूर्णेच्या खोऱ्याकडे उतरत जाणारी काळी जमीन. इथल्या कापूस, तूर, सोयाबीन पिकवणाऱ्या किंवा संत्र्याची बाग राखणाऱ्या शेतकऱ्याचं वर्ष आता पावसाइतकंच पोर्टलांवर अवलंबून आहे. सातबारा महाभूलेखवर, पिकाची नोंद ई-पीक पाहणीत, विमा पीकविम्याच्या पोर्टलवर, ठिबक आणि अवजारांचं अनुदान महाडीबीटीवर, दाखले ‘आपले सरकार’वर, आणि आता शेतकरी ओळख क्रमांक अॅग्रिस्टॅकवर. कपडे विकणारी साइट किचकट वाटली तर माणूस दुसऱ्या साइटवर जातो. महाडीबीटीला दुसरी साइट नाही.

तरीही बटण कुठे असावं, प्रश्न कोणत्या शब्दांत विचारावा, ओटीपी कितव्या पायरीला मागावा या गोष्टी कपडे विकणाऱ्यांकडे लाखो लोकांवर तपासून ठरतात, आणि अनुदानाच्या अर्जात बहुधा बैठकीत ठरतात. तपासून ठरवायच्या या पद्धतीला ए-बी चाचणी किंवा ऑनलाइन प्रयोग म्हणतात. या पद्धतीने गेल्या पंचवीस वर्षांत काय शिकवलं, महाराष्ट्रात तिचा उपयोग कुठे झाला, आणि सोनाळ्यासारख्या गावात ती जशीच्या तशी का चालणार नाही, याचा हा आढावा.

पद्धत संगणकातून आलेली नाही, ती शेतातून आली. रोनाल्ड फिशर १९१९ साली इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड कृषी संशोधन केंद्रात रुजू झाले, तेव्हा तिथे खतांच्या प्रयोगांची कित्येक दशकांची आकडेवारी पडून होती. एका तुकड्याला खत दिलं, शेजारच्या तुकड्याला दिलं नाही आणि पहिल्यात पीक जास्त आलं, तर श्रेय खताचं की मुळात जमीनच कसदार होती? फिशर यांचं उत्तर असं होतं की कोणत्या तुकड्याला काय मिळणार हे माणसाने ठरवूच नये, चिठ्ठ्या टाकून ठरवावं. मग जमिनीचा कस, ओल, उतार हे सगळे फरक दोन्ही बाजूंना सारखे वाटले जातात आणि उरलेला फरक किती खरा, किती योगायोगाचा हे गणिताने सांगता येतं. १९३५ साली आलेल्या त्यांच्या प्रयोगरचनेवरच्या पुस्तकात हा विचार पक्का मांडला गेला. मध्य प्रांताच्या कृषी खात्याशी जोडलेले आर. जे. कळमकर यांनी रॉथमस्टेडच्या बटाट्याच्या शेतांवर काम करून १९३२ साली प्रयोगातली चूक कशी मोजावी यावर लेख लिहिला. विनायक गोविंद पानसे यांनी १९४०च्या दशकात कापसाच्या उताऱ्याचा अंदाज चिठ्ठीने निवडलेल्या शेतांवरून काढण्याचं काम केलं. त्यांनी साताऱ्याच्या पां. वा. सुखात्मे यांच्याबरोबर लिहिलेलं शेती संख्याशास्त्राचं पुस्तक १९५४ साली निघालं आणि देशभरातल्या कृषी विद्यापीठांत ते पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं. आजही पीकविम्यासाठी गावात होणारा पीक कापणी प्रयोग याच घराण्यातला आहे. तेव्हा ए-बी चाचणीचं तत्त्व सोनाळ्याच्या शेतकऱ्याला नवं नाही. दोन वाणांचे तुकडे शेजारी-शेजारी लावून पाहणाऱ्या प्रत्येकाला त्याचा अर्धा भाग ठाऊक असतो. चिठ्ठी टाकण्याचा दुसरा अर्धा भाग तेवढा बहुतेक वेळा गळतो.

वेबसाइटवर हे घडतं असं. पान उघडणाऱ्या प्रत्येकाला संगणक नाणेफेक केल्यासारखा जुन्या किंवा नव्या पानाकडे पाठवतो. दोन्ही पानं एकाच वेळी चालू असतात. ठरवलेलं मोजमाप, म्हणजे खरेदी झाली का, अर्ज पूर्ण झाला का, माणूस पुन्हा आला का, हे दोन्हीकडे मोजलं जातं. ‘एकाच वेळी’ ही अट सर्वांत महत्त्वाची आहे. जुलैच्या मध्यात पोर्टलचं रूप बदललं आणि महिनाअखेर अर्ज तिप्पट झाले, तर ते नव्या रूपामुळे झाले असं म्हणता येत नाही. खरीप विम्याची मुदत बहुतेक वर्षी ३१ जुलैच्या आसपास असते आणि शेवटच्या आठवड्यात अर्ज वाढतातच. आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून यश जाहीर करण्याची सवय आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे. तिच्यात हंगाम, मुदत, पाऊस, अफवा सगळं मिसळलेलं असतं.

गूगलने २००० साली आपला पहिला असा प्रयोग केला, तो एका पानावर शोधाचे किती निकाल दाखवावेत यावर. लोकांना विचारलं तर जास्त निकाल हवेत असं सांगत. प्रत्यक्षात तीस निकालांचं पान दाखवल्यावर वापर घटला. कारण नंतर उलगडलं: पान उघडायला क्षणभर जास्त लागत होता. २००९ मध्ये गूगलनेच मुद्दाम पान १०० ते ४०० मिलीसेकंद उशिरा दाखवून पाहिलं, तेव्हा प्रतिमाणशी शोध ०.२ ते ०.६ टक्क्यांनी कमी झाले. उशीर काढून टाकल्यावरही त्या लोकांचा वापर लगेच पूर्ववत झाला नाही. डोळ्याची पापणी लवण्याइतक्या वेळाची ही गोष्ट आहे. ‘सर्व्हर डाऊन हाये भाऊ’ हे वाक्य ऐकून परत गेलेला माणूस पुन्हा कधी येतो, येतो की नाही, हे आपण कधी मोजलेलं नाही.

मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्राची २०१२ सालची गोष्ट या क्षेत्रात वारंवार सांगितली जाते. एका कर्मचाऱ्याने जाहिरातीच्या शीर्षकाला खालच्या ओळीतला मजकूर जोडून शीर्षक लांब करण्याची कल्पना मांडली होती. ती महत्त्वाची न वाटल्याने सहा महिन्यांहून अधिक काळ पडून राहिली. शेवटी एका अभियंत्याने ती करून पाहिली तेव्हा उत्पन्न १२ टक्क्यांनी वाढलं, एकट्या अमेरिकेत वर्षाला १० कोटी डॉलरहून अधिक. मला मात्र या गोष्टीपेक्षा तिच्या मागचा आकडा मोठा वाटतो. तिथे प्रयोगांची व्यवस्था उभी करणाऱ्या रॉन कोहावी यांच्या लिखाणानुसार मायक्रोसॉफ्टमध्ये तपासलेल्या कल्पनांपैकी साधारण एक तृतीयांशच उपयोगी ठरल्या. बिंग आणि गूगलसारख्या आधीच घासूनपुसून घेतलेल्या साइटवर हे प्रमाण १० ते २० टक्क्यांवर येतं. जगातले निष्णात लोक दिवसरात्र याच कामात असताना त्यांच्या पाचांतल्या चार कल्पना फुकट जातात किंवा नुकसान करतात. मग एका बैठकीत मंजूर झालेला, कधीच न तपासलेला अर्ज बरोबर असण्याची शक्यता किती धरायची?

अंदाज कसे चुकतात याची दोन उदाहरणं तर डिझाइन करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावीत. ओबामा यांच्या निवडणूक मोहिमेने २००७ च्या डिसेंबरात आपल्या नोंदणी-पानाची २४ रूपं तीन लाखांहून अधिक लोकांवर तपासली. मोहिमेतल्या मंडळींचा सगळा भर व्हिडिओवर होता. सगळे व्हिडिओ साध्या छायाचित्रांपुढे हरले. कुटुंबाचं छायाचित्र आणि ‘अधिक जाणून घ्या’ असं बटण असलेल्या पानाने नोंदणी ८.२६ वरून ११.६ टक्क्यांवर नेली. दुसरं उदाहरण ब्रिटिश सरकारचं. २०१३ मध्ये वाहनकर भरून झाल्यावर दिसणाऱ्या पानावर अवयवदानाच्या नोंदणीचं आवाहन आठ प्रकारे, दहा लाखांहून अधिक लोकांना दाखवलं गेलं. हसऱ्या माणसांच्या घोळक्याचं छायाचित्र जोडलेलं आवाहन साध्या आवाहनापेक्षाही मागे पडलं. तुम्हाला गरज पडली तर तुम्ही अवयव घ्याल का, घ्याल तर इतरांनाही द्या, अशा अर्थाचं आवाहन सर्वांत पुढे गेलं. ते कायम ठेवलं तर वर्षाला सुमारे ९६ हजार नोंदण्या वाढतील असा अंदाज निघाला. आपल्याकडच्या सरकारी पानांच्या माथ्यावर छायाचित्रांची रांग लावण्याची पद्धत आहे. ती छायाचित्रं अर्ज पूर्ण व्हायला मदत करतात की पान जड करतात, हा प्रश्न चाचणीने आठवड्याभरात सुटण्याजोगा आहे.

सरकारी प्रयोगांकडून किती अपेक्षा ठेवावी याचंही मोजमाप झालेलं आहे. स्टेफानो डेलाविन्या आणि एलिझाबेथ लिनोस यांनी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या दोन सरकारी सल्लागार पथकांचे १२६ प्रयोग, मिळून २.३ कोटी लोक, एकत्र तपासले. नियतकालिकांत छापून आलेल्या प्रयोगांत सरासरी परिणाम ८.७ टक्केबिंदूंचा होता. या पथकांच्या यशस्वी-अयशस्वी अशा सगळ्या प्रयोगांचा मिळून १.४ टक्केबिंदूंचा. छापून येतात ते जिंकलेले, न जिंकलेले दप्तरात राहतात. १.४ मात्र क्षुल्लक नाही. महाराष्ट्राच्या आकारमानाला लावला तर हा आकडा हजारो घरांचा होतो.

आता आपल्या राज्यातले अनुभव. पहिला वेबसाइटचा नाही, मोबाइल संदेशांचा आहे, पण त्याच्याइतका प्रामाणिक धडा दुसरा नाही. रॉयटर्स मार्केट लाइट ही सेवा २००७ मध्ये महाराष्ट्रात सुरू झाली. शेतकऱ्याच्या फोनवर बाजारभाव, हवामान आणि पिकाचा सल्ला मराठीतून यायचा. कल्पना इतकी पटणारी होती की तिच्या उपयोगाबद्दल शंका घेणंही विचित्र वाटावं: भाव कळला की व्यापारी फसवणार नाही. अर्थशास्त्रज्ञ मार्सेल फाफशां आणि बार्ट मिन्टेन यांनी राज्यातल्या १०० गावांत, सुमारे हजार शेतकऱ्यांवर हे तपासलं. चिठ्ठीने निवडलेल्यांना वर्षभर सेवा फुकट दिली आणि त्यांची इतरांशी तुलना केली. अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मिळालेल्या भावात, पावसाने होणाऱ्या नुकसानीत, वाण किंवा लागवडीची पद्धत बदलण्यात सरासरी ठळक फरक दिसला नाही. माल वेगळ्या बाजारात नेण्यात आणि प्रतवारी करण्यात थोडा बदल होता, तोही लहान. शेतकऱ्यांना मात्र सेवा उपयोगी वाटत होती, आपले काही निर्णय त्या माहितीवरून घेतले असं ते सांगतही होते.

चिठ्ठी न टाकता, ज्यांनी पैसे भरून सेवा घेतली त्यांची न घेणाऱ्यांशी तुलना केली असती, तर बहुधा घवघवीत यश दिसलं असतं. पैसे भरून माहिती घेणारा शेतकरी मुळातच जास्त जोडलेला, जास्त धडपड्या असतो. त्याचा चांगला भाव सेवेच्या खात्यावर जमा झाला असता. डिजिटल शेतीच्या कितीतरी यशोगाथा अशाच तुलनांवर उभ्या आहेत.

दुसरा अनुभव मुंबईचा. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये स्थापन केलेली ‘अरमान’ ही संस्था ‘एम-मित्र’ या उपक्रमातून गरोदर आणि नवमातांना दर आठवड्याला आवाजी संदेश पाठवते. कालांतराने अनेक जणी फोन ऐकणं सोडतात. त्यांना कार्यकर्त्यांनी स्वतः फोन केला तर त्या परत जोडल्या जातात, पण कार्यकर्ते मोजके. कुणाला फोन करायचा? मिलिंद तांबे यांच्या गटाने गूगल रिसर्चमधून यासाठी निवडीची एक गणिती पद्धत तयार केली आणि २०२१ मध्ये २३,००३ महिलांवर ती तपासली. चिठ्ठीने तीन गट पाडले: एका गटाला कुणाचाच फोन नाही, दुसऱ्यात ओळीने फोन, तिसऱ्यात यंत्राने सुचवलेल्यांना फोन. सात आठवड्यांत तिसऱ्या गटातली गळती फोन न केलेल्या गटाच्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी कमी राहिली. ओळीने केलेल्या फोनांचा तसा ठळक परिणाम दिसला नाही. माझ्या मते खरी मोलाची गोष्ट ही तुलना आहे. फोन करणं चांगलंच, असं गृहीत धरून संस्था वर्षानुवर्षं ओळीने फोन करत राहिली असती तर कार्यकर्त्यांचे कष्ट वाया गेले असते. अर्थात संदेश ऐकणं म्हणजे आरोग्य सुधारणं नव्हे, ते वाटेतलं मोजमाप आहे, आणि तशाच नम्रतेने वाचायला हवं.

या दोन्हींच्या शेजारी ई-पीक पाहणी ठेवली की फरक कळतो. टाटा ट्रस्टच्या साहाय्याने आधी काही भागांत प्रायोगिक तत्त्वावर चालवून १५ ऑगस्ट २०२१ रोजी हे अॅप राज्यभर लागू झालं. तलाठ्याने बांधावर न जाता भरलेल्या नोंदींऐवजी शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून फोटोसह नोंद करावी, हा विचार मोठा आहे आणि मी त्याच्या बाजूचा आहे. १ ऑगस्ट २०२२ ला दुसरी आवृत्ती आली. तिच्यात आपली नोंद ४८ तासांत दुरुस्त करण्याची मुभा आली, आपण गटात उभे आहोत की बाहेर हे कळू लागलं, आणि तलाठ्याकडे निदान १० टक्के नोंदींची पडताळणी राहिली. सगळे बदल चांगल्या हेतूचे, पण सगळे एकाच दिवशी, सगळ्यांना. त्यातल्या कुठल्या बदलाने नोंदी वाढल्या, कुठल्याने माणूस अर्ध्यावर थांबला, हे वेगळं काढण्याची वाटच उरली नाही. पहिल्या दोन आठवड्यांसाठी निम्म्या तालुक्यांना चिठ्ठीने नवी आवृत्ती मिळाली असती, तर आज या प्रश्नांची उत्तरं हातात असती, आणि त्यासाठी वेगळा निधीही लागला नसता. प्रायोगिक तत्त्वावर एका तालुक्यात राबवणं वेगळं आणि प्रयोग करणं वेगळं. तुलनेला गट नसेल तर पहिल्यातून फार थोडं शिकता येतं.

मोजमाप चुकलं तर प्रयोगही उलट्या दिशेला नेतो. बिंगमध्येच एकदा चाचणीत बिघाड होऊन काही लोकांना शोधाचे फार वाईट निकाल दिसू लागले. त्या लोकांनी प्रतिमाणशी १० टक्क्यांहून अधिक जास्त शोध केले आणि जाहिरातीचं उत्पन्न ३० टक्क्यांहून अधिक वाढलं. हवं ते सापडेना म्हणून लोक पुन्हा पुन्हा शोधत होते, जाहिरातींवर क्लिक करत होते. आकड्यांच्या भाषेत हा विजय होता. त्यानंतर एका कामासाठी किती वेळा शोधावं लागतं हे कमी व्हावं आणि माणूस किती वेळा परत येतो हे वाढावं, असं मोजमाप त्यांनी धरलं. सरकारी पोर्टलच्या अहवालात ‘इतके लाख भेटी’ असा आकडा येतो तेव्हा मला हा बिघाड आठवतो. एक अर्ज भरायला चार खेपा माराव्या लागल्या तर भेटी चौपट होतात.

बातम्यांच्या साइटवर हेच वेगळ्या रूपात घडतं. अपवर्दी या अमेरिकी संकेतस्थळाने २०१३ ते २०१५ या काळात घेतलेल्या ३२ हजारांहून अधिक शीर्षक-चाचण्या पुढे संशोधकांसाठी खुल्या झाल्या. २०२३ मध्ये त्यांवरून निघालेला निष्कर्ष असा की सरासरी लांबीच्या शीर्षकात एक नकारात्मक शब्द वाढला की क्लिकचं प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढतं. क्लिक हेच मोजमाप धरून वर्षभर चाचण्या घेतल्या तर कुणीही वाईट हेतू न बाळगता वर्तमानपत्र भेदरवणाऱ्या शीर्षकांचं होत जातं. मराठी बातम्यांच्या साइटवर आज जी शीर्षकं दिसतात, त्यांच्याकडे या नजरेने पाहावं.

सोनाळ्यात ही पद्धत आणायची तर काही गोष्टी मुळातून बदलाव्या लागतील. पहिली अडचण संख्येची. संख्याशास्त्रात एक ढोबळ हिशेब आहे: यशाचं प्रमाण आणि अपयशाचं प्रमाण यांचा गुणाकार करा, त्याला १६ ने गुणा आणि अपेक्षित फरकाच्या वर्गाने भागा, प्रत्येक गटात तितकी माणसं हवीत. समजा सोनाळ्याच्या एखाद्या बागायतदाराने थेट ग्राहकाला संत्री विकायला साइट काढली, शंभरातले ५ लोक मागणी नोंदवतात आणि नव्या पानाने ते साडेपाच व्हावेत अशी आशा आहे. दोन्ही गटांत मिळून ६० हजारांहून जास्त लोक लागतील. संत्र्याचा हंगाम त्याआधी संपेल. अशा लहान साइटने चाचणीच्या फंदात पडू नये. जेकब निल्सन यांनी २००० साली मांडलेला सल्ला तिथे जास्त कामाचा आहे: पाच माणसांना शेजारी बसवून साइट वापरायला द्या आणि न बोलता बघा, बहुतेक मोठे अडथळे दिसून येतात. फक्त ती पाच माणसं एकाच घरातली, एकाच वयाची नकोत.

अर्जाचं गणित मात्र वेगळं निघतं. शंभरातले ६० लोक अर्ज पूर्ण करत असतील आणि ते ६५ व्हावेत असं उद्दिष्ट असेल, तर प्रत्येक गटात दीड हजार, म्हणजे एकूण तीन हजार अर्ज पुरतात. हे आवाक्यातलं वाटतं, पण इथे दुसरी अडचण येते, आणि ती परदेशी पुस्तकांत फारशी सापडत नाही. अर्ज भरतो कोण? बहुतेक वेळा शेतकरी नव्हे, तर महा-ई-सेवा केंद्रातला किंवा ऑनलाइन सेंटरवाला मुलगा. एकाच संगणकावर, एकाच ब्राउझरमध्ये तो दिवसभर अर्ज भरतो. शेतकरी समोर बसून आधार सांगतो, ओटीपी वाचून दाखवतो. प्रत्येक अर्जाला नाणेफेक करून वेगळं पान दाखवलं तर त्या मुलाचा गोंधळ उडेल, आणि मोजला जाईल तो गोंधळ. शिवाय तो तरबेज असतो. जे पान नवख्याला अडवतं ते त्याला अडवत नाही. म्हणून चिठ्ठी टाकायची ती केंद्रावर: हे केंद्र जुन्या पानावर, ते केंद्र नव्यावर. त्याची किंमत पडते. एका केंद्रातले अर्ज एकमेकांसारखे असतात, म्हणून त्यांची माहिती कमी भरते. प्रत्येक केंद्राचे ५० अर्ज आणि त्यांच्यातलं साम्य अगदी ०.०५ धरलं, तरी लागणारी संख्या जवळपास साडेतीन पट होते. तीन हजारांचे दहा हजारांवर अर्ज, आणि दोनशेहून अधिक केंद्रं. एका तालुक्याचं हे काम नाही. तेरा तालुक्यांच्या बुलडाणा जिल्ह्याला मात्र एका हंगामात ते जमण्यासारखं आहे.

तिसरी अडचण फोनची आणि नेटवर्कची. यूट्यूबमधले अभियंते क्रिस झकारायस यांनी २०१२ मध्ये लिहिलेला अनुभव गावांसाठी फार महत्त्वाचा आहे. त्यांनी व्हिडिओचं पान १.२ मेगाबाइटवरून १०० किलोबाइटच्या आत आणलं आणि काही लोकांना देऊन पाहिलं. पान उघडण्याचा सरासरी वेळ कमी होण्याऐवजी वाढला. शोध घेतल्यावर कळलं की ज्या प्रदेशांतून आधी कुणी पान उघडूच शकत नव्हतं, तिथले लोक पहिल्यांदा आत आले होते. जुनं पान उघडायला त्यांना वीस मिनिटं लागली असती, नवं दोन मिनिटांत उघडत होतं. सरासरी बिघडली, कारण दाराबाहेरचे लोक मोजणीत आले. याच्या उलटही घडतं. नवं पान जड असेल तर कमजोर फोनवर ते उघडतच नाही, ते लोक मोजणीतून गळतात, आणि उरलेल्या चांगल्या फोनवाल्यांच्या आकड्यांवर जड पान जिंकतं. म्हणून जाणकार निकाल पाहण्याआधी दोन्ही गटांत माणसं ठरल्या प्रमाणात आहेत का ते बघतात. नसतील तर निकाल टाकून देतात.

सरासरीखाली आणखी कोण दबतं तेही बघायला हवं. सातपुड्याच्या या पट्ट्यात वऱ्हाडी बोलली जाते, डोंगरात कोरकू, आणि शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यात निहाली, जिचं नातं जगातल्या दुसऱ्या कुठल्याही भाषेशी अजून पक्कं जुळलेलं नाही. ती बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. संपूर्ण राज्याच्या चाचणीत पाच टक्क्यांनी जिंकलेला अर्ज या माणसांना पार बाहेर ठेवत असेल, तरी सरासरीत त्याचा ओरखडाही उठणार नाही. इतक्या थोड्या लोकांवर वेगळी चाचणी शक्य नाही. तिथे शेजारी बसून बघण्याला पर्याय नाही, आणि ते काम चाचणीच्या आधी व्हायला हवं.

फसवणुकीचे नेहमीचे दोन मार्ग थोडक्यात. रोज आकडे बघत राहायचं आणि नवं पान पुढे दिसलं त्या दिवशी चाचणी थांबवायची, असं केलं तर योगायोगालाच यश म्हटलं जातं. मुदत आणि संख्या आधी ठरवून ती पाळावी लागते. दुसरा मार्ग, खूप रूपं एकदम तपासायची. गूगलने निळ्या रंगाच्या ४१ छटा तपासल्याची गोष्ट २००९ मध्ये गाजली. छटांत काहीच फरक नसताना चाळीस तुलना केल्या, तर नेहमीच्या पाच टक्क्यांच्या कसोटीवर निदान एक तरी छटा ‘जिंकण्याची’ शक्यता ८७ टक्के असते. गूगलकडे इतकी माणसं आहेत की कसोटी कडक करता येते. इतरांकडे नसतात.

नैतिक प्रश्न टाळता येणार नाही. २०१४ मध्ये उघड झालं की फेसबुकने २०१२ च्या जानेवारीत आठवडाभर ६,८९,००३ लोकांच्या पानांवरच्या आनंदी किंवा दुःखी नोंदी कमी करून त्यांच्या मनःस्थितीवरचा परिणाम तपासला होता. परवानगी कुणाची घेतली नव्हती. संताप झाला, आणि तो रास्त होता. आपल्याकडे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या रचनांचे १३ प्रकार नोंदवून त्यांना मनाई केली, आणि त्याच वर्षी वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदाही आला. चाचण्यांनी घासून आणलेली विक्रीची पानं या प्रकारांकडे आपोआप सरकतात, कारण फसलेला क्लिकही क्लिकच असतो. सरकारी अर्जाच्या बाबतीत माझी भूमिका सरळ आहे. पात्रता, रक्कम, मुदत यांवर प्रयोग होऊ नयेत. शब्द, क्रम, पानाचं वजन, ओटीपीची जागा यांवर जरूर व्हावेत, आणि मुदतीचे शेवटचे काही दिवस वगळून व्हावेत. अमुक गटाला वाईट पान मिळेल, हा आक्षेप मला पटत नाही. कुठलं पान वाईट हे आधी ठाऊक असतं तर चाचणीची गरजच नव्हती. आज सगळ्यांनाच न तपासलेलं पान मिळतं आहे.

महाडीबीटीवर हा प्रश्न आता अधिक तातडीचा झाला आहे. आधी कृषी योजनांचे लाभार्थी संगणकीय सोडतीने निवडले जात. सोडतीत सकाळी अर्ज केला काय आणि चार दिवसांनी केला काय, संधी सारखी. २०२५-२६ पासून ‘प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य’ ही पद्धत आली. लोकांना वाट पाहायला लावणाऱ्या सोडतीपेक्षा ती बरी, असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा समजण्यासारखा आहे. पण या पद्धतीत वेग हाच हक्क होतो. संग्रामपुरात पान अर्धं उघडून अडकलं आणि दुसरीकडे तेच पान दोन सेकंदांत उघडलं, तर ट्रॅक्टरचं किंवा ठिबकचं अनुदान कुणाला मिळणार हे पानाच्या वजनाने ठरलेलं असतं.

म्हणून या जिल्ह्यात पहिली चाचणी घ्यायची तर ती हलक्या पानाची घ्यावी. छायाचित्रं आणि फिरत्या पट्ट्या काढलेलं, अर्धवट अर्ज जपून ठेवणारं, ओटीपी अगदी शेवटी मागणारं पान निम्म्या केंद्रांना चिठ्ठीने द्यावं आणि निम्मी केंद्रं आहे त्याच पानावर राहू द्यावीत. अर्जाला सुरुवात केलेल्यांपैकी किती जणांना पहिल्याच खेपेला पोचपावती मिळाली, हे एकच मोजमाप आधी जाहीर करावं. त्यात केंद्राशिवाय स्वतःच्या फोनवरून भरणाऱ्यांचे, बायकांचे आणि डोंगरातल्या गावांचे वेगळे रकाने ठेवावेत. हंगाम संपला की निकाल, हलकं पान हरलं असलं तरीही, त्याच पोर्टलच्या पहिल्या पानावर मराठीत लावावा, म्हणजे पुढच्या वर्षी यवतमाळ किंवा नंदुरबारसाठी अर्ज तयार करणाऱ्याला पुन्हा शून्यापासून अंदाज बांधावा लागणार नाही.